ईएसएल (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं) एन्डॉर्समेंट, इलिनॉय : "फक्त सहा कोर्स" हे खरं आहे का?

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. त्याआधी कोल्हापूर जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलात सहा वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. बी. ए. इंग्रजी, बी. एड. लग्न झालं, इकडे आले, मुलं झाली आणि एच-फोरवरची (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोचा व्हिसा) ती सगळी ताटकळ झाली. आता ग्रीन कार्ड हातात आहे. गेल्या वर्षापासून मुलांच्याच शाळेत जेवणाच्या सुट्टीत देखरेखीचं काम करते, रोज अडीच तास. सांडलेलं पुसायचं, भांडणं सोडवायची, केळी सोलून द्यायची.

ऑक्टोबरात दुसरीच्या वर्गात एक मुलगा नवीन आला. तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. शाळेतलं दूध ज्या छोट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं तो घेऊन नुसता बसायचा, उघडता यायचा नाही, तसाच परत ठेवायचा. एक दिवस त्याच्या डब्यात थालीपीठ दिसलं. मी शेजारी बसून हळूच म्हटलं, "दोन्ही पाकळ्या मागे दाब, आणि मग पुढे ओढ." त्याने माझ्याकडे पाहिलं, खोका उघडला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "हे गार आहे." तीन आठवड्यांत शाळेने ऐकलेलं त्याचं पहिलं वाक्य ते.

शाळेतल्या ईएल, म्हणजे अजून इंग्रजी शिकत असलेल्या मुलांच्या, शिक्षिका मागेच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, तू ईएसएल एन्डॉर्समेंट का करत नाहीस, फक्त सहा कोर्स असतात. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. राज्याच्या शिक्षण मंडळाची वेबसाइट वाचली तर अजूनच गोंधळ उडाला. सहा कोर्स केले की नोकरी मिळते का? माझ्या बी. एड.ला इथे काही किंमत आहे का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

बाकावरचा

सहा कोर्स खरे, पण ते चिकटवणार कशाला? मूळ लायसन्स आहे का?

कोथिंबीरवडी

नाही. म्हणजे ते वेगळं असतं?

पाटीपेन्सिल

असतं, आणि नव्वद टक्के लोक इथेच घसरतात. मी इलिनॉयमध्ये सरकारी शाळेत अकरा वर्षं ईएल शिकवते, मीही अशीच मागच्या दाराने आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एन्डॉर्समेंट हा परवाना नाही, परवान्यावरची नोंद आहे. आपल्याकडे ड्रायव्हिंग लायसन्सवर दुचाकी, चारचाकी, ट्रान्सपोर्ट अशा नोंदी असतात ना, तसं समज. मूळ परवान्याचं नाव प्रोफेशनल एज्युकेटर लायसन्स. सगळे त्याला पीईएल म्हणतात. पीईएलवर तुझा मूळ विषय आणि इयत्तांचा टप्पा असतो: प्राथमिक, मधल्या इयत्ता, हायस्कूल. ईएसएलची नोंद त्याच टप्प्यापुरती चालते. हायस्कूलचं पीईएल असेल तर ईएसएल घेतलं म्हणून पहिलीच्या वर्गावर जाता येत नाही. तुझ्या त्या ईएल बाईंकडे पीईएल आधीपासून असणार, म्हणून त्यांच्या तोंडी "फक्त सहा कोर्स" येतं. त्यांच्यापुरतं ते अगदी खरं आहे.

आता ते सहा कोर्स. नियमात "सहा कोर्स" असं नाहीच, "१८ सेमिस्टर अवर्स" आहे. बहुतेक कोर्स तीन क्रेडिटचे (एक क्रेडिट म्हणजे एक सेमिस्टर अवर), म्हणून सहा. या अठरांत पाच गोष्टी यायलाच हव्यात: भाषाशास्त्र, ईएसएल शिकवण्याची सैद्धान्तिक बैठक, द्विभाषिक विद्यार्थ्याचं मूल्यमापन, अध्यापनाच्या पद्धती आणि साहित्य, आणि संस्कृती-संस्कृतींमधला अभ्यास. पाच त्रिक पंधरा होतात, उरलेले तीन याच विषयांतून किंवा जवळपासच्या कोर्समधून भरायचे. प्रत्येकात किमान सी ग्रेड. शिवाय ईएल मुलांबरोबर १०० तासांचा प्रत्यक्ष वर्गातला अनुभव, नाहीतर अशा मुलांना तीन महिने शिकवल्याचा दाखला. जेवणाच्या सुट्टीतली देखरेख यात धरत नाहीत, आधीच सांगते. मी विचारून पाहिलं होतं.

हे कोर्स विद्यापीठं संध्याकाळी किंवा ऑनलाइन घेतात. कितीतरी डिस्ट्रिक्ट (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी मंडळं) आपल्या शिक्षकांचा गट करून विद्यापीठालाच शाळेत बोलावतात, फीही बरीचशी डिस्ट्रिक्ट भरतं. पण "आपल्या शिक्षकांचा" म्हणजे आधीच नोकरीवर असलेल्यांचा. नोकरीत असलेल्यांना आणखी एक फायदा आहे. पगाराच्या तक्त्यात पदवीपुढे जितकी क्रेडिट तितक्या पुढच्या रकान्यात जातो, त्याला इथे लेन बदलणं म्हणतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या बायका लेनसाठी आल्या होत्या, भाषाशास्त्रासाठी नव्हे. ते चेहऱ्यावर दिसायचं.

जुना_मास्तर

वाचून करमणूक झाली आणि जरा वाईटही वाटलं. सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० साली ते पहिलीपासून आलं तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं आता काय शिकवायचं. भाषाशास्त्र नावाची गोष्ट आम्हाला कुणी विचारलीच नाही. वाक्याचं उलटसुलट भाषांतर, शब्दार्थ, निबंध पाठ, झालं. एक शंका: त्या भाषाशास्त्रात नक्की शिकवतात काय? व्याकरणच ना?

पाटीपेन्सिल

मास्तर, नाही! तोच तर माझा सगळ्यात आवडता वर्ग होता.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी सगळ्यांना तोंडासमोर कागदाची पट्टी धरायला लावली आणि "पिन" म्हणायला सांगितलं. पट्टी हलली. मग "स्पिन". पट्टी जागच्या जागी. वर्गातल्या अमेरिकन मुली थक्क झाल्या, जन्मभर बोलतोय पण दोन्ही "प" वेगळे आहेत हे कानाला कधी जाणवलंच नाही. मी मनात म्हटलं, अहो, एक प आणि दुसरा फ च्या वाटेवरचा, आमच्याकडे त्याला दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथे उपऱ्या नाही.

पुढच्या आठवड्यात माज उतरला. "शिप" आणि "शीप" ऐकून वेगळे करायचे होते, मी दहातले चार चुकवले. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना डोळ्यांत तेल घालून पाळतो, बोलताना कुठे पाळतो! आणि व्ही-डब्ल्यूचं तर विचारूच नका, आपल्याकडे एकाच "व" वर सगळा संसार चालतो.

पण याचा उपयोग असा: मराठी किंवा तेलुगू मूल "द" गाळून वाक्य बोललं की दुसऱ्या शिक्षकाला ती नुसती चूक दिसते. मला ठाऊक असतं की त्याच्या घरच्या भाषेत "अ" आणि "द" सारखं नामाआधी लावायचं काही नाहीच, मग ते गाळणारच. त्याला रागवून काय होणार? त्याच्यासमोर पन्नास वेळा योग्य जागी "द" यायला हवं.

कोथिंबीरवडी

बापरे, हे सगळं किती छान आहे. पण ताई, पीईएल कसं मिळवायचं? माझी पदवी तीन वर्षांची. ती इथे पदवी धरत नाहीत असं ऐकलंय.

पाटीपेन्सिल

सरसकट तसं नाही. भारतातली कागदपत्रं राज्य थेट बघत नाही. मान्यताप्राप्त मूल्यांकन संस्थेकडून अहवाल करून घ्यावा लागतो. "डॉक्युमेंट बाय डॉक्युमेंट" नावाचा स्वस्तातला घेऊ नकोस, "कोर्स बाय कोर्स" घे. एकेका विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड कळल्याशिवाय इथे कुणी पुढे बघत नाही. तीन वर्षांची बी. ए. एकटी असली तर काही संस्था तिला तीन वर्षांचं पदवीशिक्षण म्हणूनच मोजतात. पण तुझ्या बी. ए.वर बी. एड. आहे, ती वर्षं मिळून चित्र बदलतं. म्हणून दोन्हीचा अहवाल एकत्रच कर. मुख्य म्हणजे बी. एड.मध्ये सराव पाठ होते, शाळेत प्रत्यक्ष शिकवलं होतं, हे कागदावर दिसलं पाहिजे. आपल्या गुणपत्रिकेवर ते बऱ्याचदा एका ओळीत "प्रात्यक्षिक" म्हणून उरकलेलं असतं. कॉलेजकडून लेटरहेडवर लिहून घे: किती पाठ, किती आठवडे, कुठली शाळा, कुठल्या इयत्ता.

त्यानंतर मूळ विषयाची राज्याची परीक्षा. त्यातही काही कोर्स कमी निघाले तर ते भरायचे. दुसरा रस्ता म्हणजे सरळ इथल्या विद्यापीठात शिक्षक होण्याच्या मास्टर्सला जायचं आणि ईएसएलचे अठरा त्यातच बसवायचे. वेळ जास्त जातो, पैसेही. पण कागदपत्रांच्या मागे धावण्यापेक्षा मला तो बरा वाटला. मी तोच केला.

अर्धा_कप

कागदपत्रांवरून आठवलं. कोथिंबीरवडी, तुझं लग्नाआधीचं नाव गुणपत्रिकेवर असेल ना? आताच तयारीला लाग.

माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधलं आणि सासरचं आडनाव. ग्रीन कार्डावर मधलं नाव गायब. मूल्यांकन संस्थेने विचारलं, या तीन बायका कोण? लग्नाचा दाखला होता, पण तो मराठीत आणि त्यात माझं लग्नानंतरचं नाव "सौ." लावून लिहिलेलं. शेवटी राजपत्रातली नावबदलाची जुनी प्रत भावाने माळ्यावरच्या ट्रंकेतून शोधली, तिचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घेतलं, तेव्हा मी एकच बाई ठरले.

आणि ट्रान्सक्रिप्ट! आमच्या विद्यापीठाचं नाव घेत नाही. खिडकी क्रमांक चारवर बाबांना चार वेळा परत पाठवलं, कधी चलन जुन्या बँकेचं, कधी पाकिटावर शिक्का नाही. पाकीट विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी बंदच जायला हवं असतं. बाबांनी घरी आणून हौसेने उघडून बघितलं, बरोबर आहे का म्हणून. पुन्हा पहिल्यापासून.

जुना_मास्तर

हाहा. बाबांचं चुकलं नाही. मीही उघडलं असतं.

फणसाचा_गरा

आम्ही टेक्सासवाले तुमची ही पाच विषयांची यादी बघून गालातल्या गालात हसतोय. बायको डॅलसजवळ पाचवीला शिकवते. इथे टेक्सासचं वर्गशिक्षकाचं सर्टिफिकेट आधीच असेल तर ईएसएल सप्लिमेंटल ही नुसती परीक्षा देऊन जोडता येते. परीक्षेचा क्रमांक १५४, गुण १०० ते ३०० च्या पट्टीवर, पास व्हायला २४०. एकही कोर्स नाही. तिने नाताळच्या सुट्टीत अभ्यास केला, जानेवारीत परीक्षा दिली, मुख्याध्यापिकेला कळवलं, झालं.

फक्त "सप्लिमेंटल" हा शब्द नीट वाचा. मूळ सर्टिफिकेट नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे शेवटी पाटीपेन्सिल म्हणाल्या तेच.

पाटीपेन्सिल

हसा, हसा. पण दोन महिन्यांत परीक्षा दिलेल्या माणसाला वर्गात पंचवीसपैकी अकरा ईएल मुलं आणि चार भाषा असा पहिल्या वर्षीचा सप्टेंबर कसा जातो तेही विचारा वहिनींना.

फणसाचा_गरा

विचारलं. ती म्हणते पहिल्या वर्षीचा सप्टेंबर रडण्यात गेला, दुसऱ्या वर्षीचा बरा होता. तुमचा मुद्दा मान्य.

समुद्रकाठी

फ्लोरिडाचं लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. इथे १९९० सालच्या कोर्टाच्या तडजोडीच्या आदेशाने सगळं बांधलेलं आहे. संघटनांनी राज्यावर दावा लावला होता, त्यातून तो आदेश निघाला. त्यामुळे इथे प्रश्न "तुम्हाला ईएसएल शिक्षक व्हायचंय का" असा नसतोच. ईएल मूल तुमच्या वर्गात आलं की प्रशिक्षण तुमच्या गळ्यात पडतं. वाचन-लेखन शिकवणाऱ्यांना पूर्ण एन्डॉर्समेंट, म्हणजे ३०० तास किंवा १५ सेमिस्टर अवर्स, साठ-साठ तासांचे पाच कोर्स. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रवाल्यांना ६० तास. चित्रकला, पीटी वगैरेंना १८ तास. मी गणिताची, माझे साठातच भागले. पण चित्रकलेच्या बाईंना अठरा तास का पुरतात ते मला कळलेलं नाही, नवीन मूल सगळ्यात आधी त्यांच्याच वर्गात बोलतं.

अर्धा_कप

मॅसॅच्युसेट्समध्येही २०१२ पासून साधारण तसंच. मुख्य विषय शिकवणाऱ्या ज्या शिक्षकाच्या वर्गात ईएल मूल आहे त्याच्याकडे एसईआय (आपला विषय ईएल मुलांना समजेल अशा इंग्रजीत शिकवण्याची) नावाची नोंद लागतेच. पण एसईआय म्हणजे ईएसएल शिक्षक नव्हे. ईएसएलचं लायसन्स वेगळं, त्याची परीक्षा वेगळी. माझ्या ओळखीतल्या एकीने हे दोन एकच समजून वर्षभर अर्ज केले.

पुणेरी_पाऊस

जरा वेगळा प्रश्न. मी पुण्यात आहे, जानेवारीत नवऱ्याबरोबर शिकागोला येतेय. इथे एक १२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स स्वस्तात मिळतोय, "जगभर मान्यता" असं लिहिलंय. तो करून आले तर एन्डॉर्समेंटच्या वेळी क्रेडिट मिळेल का?

पाटीपेन्सिल

नाही. पैसे वाचव.

जरा सविस्तर सांगायचं तर: टीईएफएल हे परदेशात, खासगी क्लासमध्ये, बहुतेक करून मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवण्यासाठी. त्यांतलं केंब्रिजचं सेल्टा सगळ्यात वजनदार, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं. पण तेही इथल्या सरकारी शाळेच्या परवान्यात मोजत नाहीत. इथे हवी विद्यापीठाची क्रेडिट, प्रमाणपत्र नव्हे. प्रौढांच्या इंग्रजी वर्गात, कम्युनिटी कॉलेजात किंवा ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून शिकवायचं असेल तर मात्र त्याचा उपयोग होतो. त्यापेक्षा निघण्याआधी स्वतःची ट्रान्सक्रिप्ट काढून घे. वर अर्ध्या कपाने खिडकी क्रमांक चारची कहाणी सांगितलीच आहे. तू तर अजून त्याच गावात आहेस.

बाकावरचा

मला या धाग्यावर कडू बोलायचंय. हे ईएल प्रकरण आपल्या मुलांच्या डोक्यावर उगाच मारतात. माझी मुलगी इथेच जन्मली. बालवाडीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर "घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाते का" विचारलं होतं, आम्ही अभिमानाने "मराठी" लिहिलं. लगेच तिची चाचणी, लगेच शिक्का. घरी दोघं आयटीत, पोरगी इंग्रजीत स्वप्नं बघते. दुसऱ्या मुलाच्या वेळी आम्ही सरळ "फक्त इंग्रजी" लिहिलं. आमच्या सोसायटीत सगळे तेच करतात. आता तसलेच शिक्षक म्हणून तयार व्हायला आपल्याच बायका निघाल्यात.

कोथिंबीरवडी

अहो, मी तर अजून तयारच झाले नाहीये!

पाटीपेन्सिल

बाकावरचे, राग समजू शकते, पण काही गोष्टी तुम्हाला कुणी नीट सांगितलेल्या दिसत नाहीत.

तो फॉर्म शिक्का मारण्यासाठी नाही. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, लाऊ विरुद्ध निकल्स. न कळणाऱ्या भाषेत सगळ्यांना सारखंच पुस्तक आणि सारखाच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, असा निकाल लागला. म्हणून शाळेला विचारावंच लागतं. इलिनॉयमध्ये दोन प्रश्न: घरात दुसरी भाषा बोलतात का, आणि मूल दुसरी भाषा बोलतं का. एकाचंही उत्तर "हो" आलं की तीस दिवसांत मुलाची चाचणी. चाचणीत पास झालं तर विषय संपला, शिक्का वगैरे काही नाही. तुमची मुलगी त्या दिवशी अनोळखी बाईंसमोर बोलली नसेल, चार वर्षांची मुलं नाहीच बोलत.

आणि नकोच असेल तर पालकांना लेखी नकार देता येतो. खोटं लिहायची गरज नाही. हं, नकार दिला तरी दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीतली ॲक्सेस परीक्षा चुकत नाही, पातळी गाठेपर्यंत ती द्यावीच लागते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग. त्यात वाचन आणि लेखन प्रत्येकी ३५ टक्के, बोलणं आणि ऐकणं प्रत्येकी १५. का, ते बघा.

माझ्याकडे तिसरीत एक मराठी मुलगी होती. बडबडी, उच्चार तर माझ्यापेक्षा अमेरिकन. आईचं म्हणणं तुमच्यासारखंच. एकदा गणिताच्या कागदावर प्रश्न होता: मीनाकडे १७ गोट्या, सॅमकडे ९, सॅमकडे मीनापेक्षा किती "फ्यूअर"? तिने सतरा अधिक नऊ करून सव्वीस लिहिलं. मी मराठीत विचारलं, "किती कमी?" ताबडतोब "आठ". वजाबाकी येत होती, "फ्यूअर" येत नव्हता. खेळाच्या मैदानावर हा शब्द कुणी वापरतच नाही, मग येणार कुठून? जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ साली हाच भेद मांडला: गप्पांची भाषा एक-दोन वर्षांत येते, पुस्तकाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. "इंग्रजीत स्वप्नं बघते" हे खरंच असेल. पण परीक्षेत स्वप्नं विचारत नाहीत.

बाकावरचा

फ्यूअरचं पटलं. शिक्क्याचं अजून पटलं नाही. मुलगी वर्गातून उठून दुसऱ्या खोलीत जायची तेव्हा बाकीची मुलं बघायची, घरी येऊन रडली होती. त्या ॲक्सेस परीक्षेत सुटकेसाठी लागणारे ४.८ गुण तिला मिळेपर्यंत तीन वर्षं गेली.

पाटीपेन्सिल

तेवढं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. मुलांना उठवून नेण्यापेक्षा शिक्षकाने त्यांच्या वर्गात जाऊन शिकवावं, हे आता बऱ्याच शाळा मानतात. सगळ्या नाही. वेळापत्रक करणाऱ्याला उठवून नेणं सोपं पडतं.

फणसाचा_गरा

अवांतर: "मीनाकडे १७ गोट्या" वाचून छान वाटलं. आमच्याकडे सगळ्या प्रश्नांत भोपळे.

कोथिंबीरवडी

एक विचारू का? बायलिंग्वल नावाचीही नोंद दिसते वेबसाइटवर. मला मराठी येते, हिंदी येते. ती जास्त उपयोगी नाही का?

पाटीपेन्सिल

कागदावर दिसते तितकी नाही. इलिनॉयचा नियम असा की एका शाळेत एकाच भाषेची वीस किंवा जास्त ईएल मुलं असली की त्या भाषेत शिकवणारा कार्यक्रम चालवावा लागतो. वीसच्या खाली असतील तर शाळेला बरंच मोकळं रान, तिथे ईएसएलवाला शिक्षक चालतो. आता सांग, एका शाळेत चाचणीत मागे राहिलेली वीस मराठी मुलं कुठे सापडणार? स्पॅनिशची सापडतात, म्हणून बायलिंग्वलच्या नोकऱ्या बहुतेक स्पॅनिशच्याच. ईएसएलची नोंद मात्र कुठल्याही भाषेच्या मुलाला लागू होते. शिवाय बायलिंग्वलला त्या भाषेची राज्याची परीक्षा द्यावी लागते. तुझी हिंदी परीक्षेला बसण्याइतकी आहे का, की सिनेमापुरती?

कोथिंबीरवडी

सिनेमापुरती 😀

पाटीपेन्सिल

मग ईएसएलच. आणि मधल्या काळात सबचं लायसन्स काढ. बदली शिक्षकाचं. त्याला कुठल्याही विषयाची पदवी पुरते, अहवाल तुझ्याकडे येणारच आहे, आणि ते पाच वर्षं चालतं. बोटांचे ठसे, पार्श्वभूमी तपासणी, आरोग्याचा दाखला हे शाळा सांगेल तसं. जेवणघरातून वर्गात यायचा हा सगळ्यात जवळचा जिना. मुख्याध्यापक तुला फळ्यासमोर उभी बघतील, मग पुढचं बोलणं सोपं होतं.

पैशाचंही बघ. टीच ग्रँट नावाची केंद्र सरकारची मदत आहे, वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत, ग्रीन कार्डवाल्यांनाही मिळते. इंग्रजी शिकणाऱ्यांना शिकवणं हा त्यांच्या गरजेच्या विषयांत मोडतो. पण अट डोळे उघडे ठेवून वाच: शिक्षण संपल्यावर आठ वर्षांत चार वर्षं गरीब वस्तीच्या शाळेत शिकवायचं. नाही जमलं तर ती मदत व्याजासकट कर्ज होते. माझ्या बरोबरच्या दोघींचं असं झालं, एकीचं तर फक्त वार्षिक कागद वेळेवर पाठवायचा राहिला म्हणून.

कोथिंबीरवडी

मंडळी, पाच महिन्यांनी धागा वर काढतेय.

अहवाल आला. बी. ए. आणि बी. एड. मिळून चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीचं धरलं. नावांचा घोळ झालाच, पण अर्ध्या कपाचं वाचून राजपत्राची प्रत आधीच मागवून ठेवली होती. बी. एड. कॉलेजचे प्राचार्य निवृत्त झालेत, तरी त्यांनी स्वतः कॉलेजात जाऊन सराव पाठांचं पत्र करून घेतलं. "तुझा 'पॅसिव्ह व्हॉइस'चा पाठ मला आठवतो, फार भराभर घेतला होतास" असंही फोनवर म्हणाले.

सबचं लायसन्स मार्चमध्ये मिळालं. पहिला दिवस तिसरीवर. हजेरी घेताना पोलिश आडनावं वाचता वाचता घाम फुटला, मुलांनीच मला शिकवली. तो दुधाचा खोका उघडणारा आता जेवणघरात दुसऱ्यांचे खोके उघडून देतो, आणि माझ्याशी मराठीत बोलायला लाजतो.

एका विद्यापीठाने मास्टर्सला घेतलंय, ईएसएलचे अठरा त्यात धरून. पहिल्या उन्हाळ्यात एकच कोर्स घेता येईल. भाषाशास्त्र घेऊ की मूल्यमापन?

जुना_मास्तर

अभिनंदन पोरी. भाषाशास्त्र घे आणि ते "प"-"फ"चं इथे सविस्तर लिही.

पाटीपेन्सिल

अभिनंदन! मास्तरांचं ऐकू नकोस. भाषाशास्त्र उन्हाळ्यात सहा आठवड्यांत कोंबतात, ध्वनिचिन्हं पाठ करतानाच दोन आठवडे जातात. त्याला पुरी सेमिस्टर दे. मूल्यमापन आता घे, आणि जमलं तर उन्हाळी शाळेत ईएल वर्ग असेल तिथे हजेरी लाव, शंभरातले पंधरा-वीस तास तरी निघतील. तासांच्या वहीवर त्या-त्या दिवशीच सही घे. शाळा सुटल्यावर बाई सापडत नाहीत.

पुणेरी_पाऊस

मीही आले शिकागोला! ट्रान्सक्रिप्टची तीन पाकिटं सोबत, तिन्ही बंद. सासऱ्यांना हात लावू दिला नाही.